चौसष्ट घरांचा आकडा

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'गणिताचे महत्त्व' या विषयावर मी चार शब्द बोलावे, असे चिटणीस साहेबांनी सुचवले होते. मी त्यांची माफी मागतो. महत्त्व सर्वांनाच ठाऊक असते आणि ते ऐकताना सर्वांनाच झोप येते. त्याऐवजी मी आज एकाच आकड्याविषयी बोलणार आहे. शेवटच्या बाकावरूनही दिसावा म्हणून तो फळ्यावर मोठा लिहून ठेवला आहे. स्मरणिकेत छापताना त्यातला एकही अंक गळू नये, एवढी मुद्रितशोधकांना विनंती :

१८४४६७४४०७३७०९५५१६१५

मोजून पाहा, वीस अंक आहेत. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. जुन्या शाळांत एकं, दहं, शतं म्हणत मुले परार्धापर्यंत जात असत. परार्धाला अठरा अंक लागतात. म्हणजे ही रक्कम एकशे चौऱ्याऐंशी परार्धांहूनही थोडी अधिक झाली. असा आकडा दिसला की माणूस वाचायचेच सोडून देतो. आपली मुले परीक्षेत नेमके हेच करतात. प्रश्नात लांब आकडा दिसला की पान उलटतात. म्हणूनच मी हा आकडा निवडला.

तो आला कुठून? बुद्धिबळाची दंतकथा तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल. सिस्सा नावाच्या माणसाने हा खेळ हिंदुस्थानच्या राजाला दाखवला. राजा खूश होऊन म्हणाला, काय हवे ते माग. सिस्साने गहू मागितले. पटाच्या पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी प्रत्येक घरात आधीच्या दुप्पट, आणि अशी चौसष्ट घरे. राजाला ही मागणी इतकी क्षुल्लक वाटली की त्याला रागच आला. मग हिशेबनिसांनी आकडेमोड केली आणि राजाचा चेहरा उतरला. फळ्यावर आहे ती या चौसष्ट घरांतल्या दाण्यांची बेरीज. गोष्ट दंतकथाच आहे, बेरीज मात्र खरी आहे.

ही गोष्ट इब्न खल्लिकान यांनीही लिहून ठेवली आहे. इर्बिल येथे १२११ साली जन्मलेले हे गृहस्थ पुढे दमास्कसचे काझी झाले. नामवंतांच्या चरित्रांचा त्यांचा मोठा कोश प्रसिद्ध आहे. त्यात सूली नावाच्या नामांकित बुद्धिबळपटूच्या चरित्रात ते या गव्हाच्या दाण्यांकडे वळतात आणि कबूल करतात की, इतका आकडा होईल यावर आपला विश्वासच बसत नव्हता. पुढे त्यांना इस्कंदरियाचा एक हिशेबनीस भेटला. त्याने कागद पुढे केला. त्या कागदावर सोळाव्या घरापर्यंत दुपटी मांडलेल्या होत्या, आणि सोळाव्या घरात ३२७६८ दाणे आले होते. हिशेबनीस म्हणाला, हे दाणे म्हणजे एक कदह धरा, मी स्वतः मापून पाहिले आहे. कदह हे तिकडचे धान्याचे माप. तिथून पुढे त्याने दाणे सोडून दिले आणि मापेच दुप्पट करीत नेली. चाळिसाव्या घरात एक कोठार भरले. पन्नासाव्या घरात १०२४ कोठारे झाली, त्यांना त्याने एक शहर म्हटले. चौसष्टाव्या घरात अशी १६३८४ शहरे आली. जगात इतकी शहरे तरी आहेत का?

मला ही हकीकत त्या राजाच्या गोष्टीपेक्षा कितीतरी अधिक आवडते. एवढे मोठे काझी, पण 'मला पटत नव्हते आणि एका हिशेबनिसाने कागदावर दाखवले तेव्हा पटले' हे लिहायला त्यांना कमीपणा वाटला नाही. आणि त्या हिशेबनिसाची युक्ती पाहा. दाणे मोजण्यात जन्म गेला असता. त्याने दाण्यांचे माप केले, मापांचे कोठार केले, कोठारांचे शहर केले. मोठा आकडा हाताळायचा तो असाच, मूठ बदलून.

इब्न खल्लिकान यांच्या दोन शतके आधी, सन १००० च्या सुमारास, अल-बेरूनी यांनी प्राचीन लोकांच्या कालगणनेवर ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी हीच बेरीज करण्याचा फार सुरेख मार्ग दिला आहे. विद्यार्थ्यांनी वही काढावी.

त्यांचे दोन नियम आहेत. पहिला असा : कोणत्याही घरातल्या दाण्यांतून एक वजा केला की आधीच्या सर्व घरांची बेरीज मिळते. सहाव्या घरात ३२ दाणे. आधीची पाच घरे १, २, ४, ८, १६. बेरीज करा, ३१ येते. म्हणून चौसष्ट घरांची बेरीज हवी असेल तर एक पासष्टावे घर आहे असे समजायचे, त्यातले दाणे काढायचे आणि एक वजा करायचा. एकेक घर मिळवीत बसायला नको.

दुसरा नियम : एखाद्या घरातल्या संख्येचा वर्ग केला, तर पहिल्या घरापासून ते घर जितके दूर, तितकेच पुढे आपण जाऊन पडतो. पाचव्या घरात १६ आहेत. पाचवे घर पहिल्यापासून चार घरे दूर. १६ चा वर्ग २५६, आणि २५६ हे आणखी चार घरे पुढे, नवव्या घरात सापडतात. आता गंमत पाहा. दुसऱ्या घरातल्या २ चा वर्ग ४, हे तिसरे घर. ४ चा वर्ग १६, पाचवे घर. मग २५६, नववे. मग ६५५३६, सतरावे. मग ४२९४९६७२९६, तेहतिसावे. याचा आणखी एक वर्ग केला की आपण पासष्टाव्या घरात! सहा गुणाकारांत काम फत्ते. दुपटी करीत गेलो असतो तर चौसष्ट वेळा दुप्पट करावी लागली असती. शेवटचा गुणाकार दहा अंकांचा दहा अंकांशी आहे, तो घाम काढतो हे खरे. पण सुट्टीच्या दिवशी एका बैठकीत तो हाताने होतो. मी स्वतः केला आहे. दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा जमला.

हेच अल-बेरूनी पुढे हिंदुस्थानात आले, संस्कृत शिकले आणि इथल्या गणिताविषयी त्यांनी अरबीत लिहिले. इल्म एकाच बाजूने वाहत नसतो. आपल्याकडे भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० च्या सुमारास, असेच एक उदाहरण आहे. एका माणसाने याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट देण्याचे कबूल केले. महिन्यात किती दिल्या? उत्तर येते २१४७४८३६४६ कवड्या. या लीलावतीचा फारसी तर्जुमा अकबराच्या दरबारातील फैजी यांनी १५८७ साली केला. कवड्यांचा हा आकडा विद्यार्थ्यांनी टिपून ठेवावा, शेवटी लागणार आहे.

दाण्यांचा ढीग डोळ्यांपुढे येत नसेल तर वजनात पाहू. गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन साधारण ४० ग्रॅम धरले, तर ही बेरीज होते सुमारे ७३ हजार कोटी टन. सगळ्या जगात मिळून वर्षाला साधारण ८० कोटी टन गहू पिकतो. म्हणजे सिस्साचे देणे फेडायला साऱ्या पृथ्वीचा गहू नऊशेहून अधिक वर्षे द्यावा लागेल, आणि तोवर कुणी पोळी खायची नाही. सेकंदाला एक दाणा या वेगाने कोणी मोजू लागला तर ५८ हजार कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे असे शास्त्रज्ञ सांगतात.

पालकांसाठी इथे क्षणभर थांबतो. 'तुम्ही दोन माणसे आणा, ती दोघे प्रत्येकी दोन आणतील, पैसे दुप्पट होतील' असे सांगणारे लोक आपल्या मोहल्ल्यात अधूनमधून येतात. त्यांचा पटही हाच. पहिल्या घरात एक माणूस, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. चौतिसाव्या घराला ८५८ कोटींहून अधिक माणसे लागतात, आणि पृथ्वीवरील एकूण माणसे त्याहून कमी आहेत. म्हणजे तान्ह्या बाळांसकट सारे जग सभासद झाले तरी साखळी चौतिसाव्या पायरीपर्यंत पोचत नाही. प्रत्यक्षात ती पंधराव्या-विसाव्या पायरीच्या आतच तुटते, आणि खालच्या पायरीवरचे बुडतात. खालच्या पायरीवर नेहमीच वरच्या सगळ्यांच्या बेरजेपेक्षा जास्त लोक असतात, हा बेरूनींचा पहिला नियमच आहे. माझ्या नात्यातील एका माणसाने आखातात सात वर्षे राबून जमवलेली रक्कम अशा साखळीत घातली. त्याला दुप्पट येत होती. फक्त ती कुठवर जाते, हे त्याने पाहिले नाही.

असो. आता या आकड्याच्या पोटात शिरू. आपल्याला त्याचे अवयव पाडायचे आहेत. वीस अंकी संख्येचे अवयव म्हटल्यावर कॉलेजातली मुलेही मागे सरतात. पण आठवी-नववीतले एक सूत्र घ्या : दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे त्या संख्यांची बेरीज गुणिले त्यांची वजाबाकी. आपला आकडा म्हणजे ४२९४९६७२९६ चा वर्ग वजा १. आणि १ हासुद्धा १ चा वर्गच. म्हणून आकडा फुटला :

४२९४९६७२९५ × ४२९४९६७२९७

पहिला अवयव पुन्हा ६५५३६ चा वर्ग वजा १ आहे. तो फुटतो ६५५३५ × ६५५३७ असा. त्यातला ६५५३५ फुटतो २५५ × २५७ असा. २५५ म्हणजे १५ × १७, आणि १५ म्हणजे ३ × ५. एकच सूत्र पाच वेळा वापरले आणि डोंगराचा असा मुरूम झाला :

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

पहिले पाचही अवयव मूळ संख्या आहेत, म्हणजे त्यांना आणखी फोडता येत नाही. २५७ चे तपासायला ३, ५, ७, ११, १३ यांनी भागून पाहिले की पुरे. ६५५३७ ला पन्नासवर भागाकार लागतात. वर्गातल्या मुलांनी वाटून घेतले तर एका तासात होतात. प्रश्न उरतो शेवटच्या दहा अंकी अवयवाचा. तो फुटतो का?

या प्रश्नावर फेर्मा अडखळला. फेर्मा हा सतराव्या शतकातला फ्रेंच न्यायाधिकारी, गणित त्याचा फावल्या वेळचा छंद, आणि त्या काळात त्याच्या तोडीचे गणिती थोडेच. त्याने ३, ५, १७, २५७, ६५५३७ ही ओळ पाहिली आणि या रीतीने बनणाऱ्या सर्वच संख्या मूळ असतात, असे आपले मत १६४० साली पत्रातून कळवले. पुढची संख्या होती हीच, ४२९४९६७२९७. फेर्मासारखा माणूस म्हणतो म्हटल्यावर शंका कोण घेणार? जवळजवळ शंभर वर्षे ते मत तसेच राहिले. १७३२ साली ऑयलर या पंचविशीच्या तरुणाने ती संख्या फोडून दाखवली. मी पडताळा मांडतो, तुम्हीही करा :

६७००४१७ × ६०० = ४०२०२५०२००
६७००४१७ × ४० = २६८०१६६८०
६७००४१७ × १ = ६७००४१७
एकूण ४२९४९६७२९७

म्हणजे ६४१ × ६७००४१७. पाचवीतल्या मुलालाही हा गुणाकार येतो. शोधायला मात्र अक्कल लागली. नुसते मूळ संख्यांनी भागत बसायचे तर या संख्येसाठी साडेसहा हजार मूळ संख्यांपर्यंत तयारी ठेवावी लागते. ऑयलरच्या ध्यानात आले की या संख्येचा मूळ अवयव असलाच तर तो ६४ च्या पाढ्यातल्या संख्येत एक मिळवून आलेला असला पाहिजे. ६५, १२९, १९३, २५७, ३२१ अशी ती ओळ. यातल्या ज्या स्वतःच फुटतात त्या गाळल्या की उरतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्याच भागाकाराला दार उघडते! फेर्माच्या त्या ओळीत पाचानंतर सहावी मूळ संख्या आजवर, एवढी संगणक यंत्रे येऊनही, कुणाला सापडलेली नाही. जेवढ्या तपासून पूर्ण झाल्या, त्या सगळ्या फुटल्या.

तर आपल्या आकड्याचे सात मूळ अवयव झाले : ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७, ६७००४१७. सातही वेगवेगळे. प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, असे करीत गेलो तर आकड्याला निःशेष भागणाऱ्या संख्या मिळतात एकूण १२८. आणि १२८ म्हणजे पटाचे आठवे घर. दुप्पट काही आपली पाठ सोडत नाही. तुमच्या खिशातल्या मोबाइलच्या आतही ती आहे. यंत्रात चौसष्ट दिवे आहेत अशी कल्पना करा, प्रत्येक दिवा पेटलेला किंवा विझलेला, आणि प्रत्येकाची किंमत पटावरच्या त्या त्या घराएवढी. सगळे पेटले की जी संख्या होते ती ही. त्यात आणखी एक मिळवला की सगळे दिवे विझतात आणि यंत्र शून्य दाखवते.

आता या आकड्याशी माझी जी एक आठवण आहे ती सांगतो. मी शाळेत शिकवत असताना एकदा नववीच्या वर्गात हा आकडा फळ्यावर लिहिला. मधल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, आकडा चुकला आहे." मी म्हटले, कशावरून? तुला तो पाठ आहे का? ती म्हणाली, "नाही सर. पण पहिल्या दोन घरांत मिळून तीन दाणे, पुढच्या दोन घरांत बारा, त्याच्या पुढच्या दोन घरांत अठ्ठेचाळीस. प्रत्येक जोडी तीनच्या पाढ्यातली. मग सगळी बेरीजही तीनच्या पाढ्यात यायला हवी. तुम्ही लिहिलेल्या अंकांची बेरीज ८९ होते."

मी पुस्तक उघडून पाहिले. मधल्या एका ७ च्या जागी मी ९ लिहिला होता. खऱ्या आकड्यातील अंकांची बेरीज ८७ आहे. फळ्याकडे पाहून करा. वीस अंकी संख्येतली एका अंकाची चूक, आणि तीही फक्त विचाराने पकडलेली. अंकांची बेरीज घेऊन पडताळा पाहण्याच्या रीतीला जुने अरबी गणिती मीझान म्हणत, म्हणजे तराजू. दोन अंकांची नुसती अदलाबदल झाली तर हा तराजू फसतो, हेही त्या मुलीला ठाऊक होते; तिने दुसऱ्या दिवशी स्वतःहून येऊन सांगितले.

दहावी झाल्यावर तिचे वडील शाळेत दाखला न्यायला आले. मी त्यांना बसवून घेतले, पुढे शिकवा म्हटले. ते म्हणाले, "मास्तर, पोरगी हुशार आहे हे मला कळते. पण पुढचे गणित आमच्या घरात कुणाला कळते? अडली तर विचारायची कुणाला?" माझ्याकडे उत्तर नव्हते असे नाही. मी महत्त्वावर बोललो. शिक्षणाचे महत्त्व, काळाची गरज, वगैरे. ते अदबीने ऐकत राहिले. मग मी दाखल्यावर सही केली.

त्यांचे धान्याचे दुकान होते. दुकानात ते पायली-शेराचे किलोत आणि किलोचे पैशांत माझ्यापेक्षा चौपट वेगाने तोंडी करीत. हे जे तुम्ही करता तेच गणित आहे, तुमच्या मुलीने तेच उचलले आहे, हे त्यांना सांगावे असे मला त्या दिवशी सुचले नाही. इस्कंदरियाचा तो हिशेबनीस जसा काझींसमोर कागद घेऊन बसला, तसे मी बसलो असतो, सोळाव्या घरापर्यंत दाणे मांडून दाखवले असते, पुढची मापे त्यांनीच मला सांगितली असती. कदाचित त्यांनी तरीही दाखला नेला असता. पण मी कागद पुढे केलाच नाही.

म्हणून आज पालकांनाही काम देणार आहे. घरी गेल्यावर एक वाटी गहू घ्या आणि मुलाला किंवा मुलीला सोबत बसवा. शंभर दाणे मोजा, मग त्यांवरून वाटीत किती दाणे मावतात ते काढा. तुमची वाटी पटाच्या कितव्या घरात भरते, घरातले पिंप कितव्या घरात, आणि तुमची अख्खी खोली कितव्या घरात, हे पाहा. तुम्हाला बीजगणित यायची गरज नाही. माप तुमचे, पाढा त्यांचा.

विद्यार्थ्यांना दोन प्रश्न. भास्कराचार्यांच्या कवड्यांत एक मिळवा : २१४७४८३६४७. ही पटाच्या पहिल्या एकतीस घरांची बेरीज आहे, आणि ती मूळ संख्या आहे, हे ऑयलरनेच १७७२ साली दाखवले. चौसष्ट घरांची बेरीज फुटते आणि एकतीस घरांची फुटत नाही, याचे कारण ६४ आणि ३१ या संख्यांतच कुठेतरी दडलेले असेल का? हा पहिला प्रश्न. चार, सहा, नऊ, दहा घरांच्या बेरजा घेऊन पाहा, काहीतरी हाती लागेल.

दुसरा प्रश्न. ३१ ही मूळ संख्या आहे. ११ हीसुद्धा आहे. तर पहिल्या अकरा घरांची बेरीज, २०४७, फुटते की नाही? मी सांगणार नाही. पन्नाशीच्या आतल्या मूळ संख्यांनी भागून पाहा, निकाल लागेल. चहापान होईपर्यंत मी इथेच, फळ्याजवळ बसलो आहे. ज्याला उत्तर मिळेल त्याने किंवा तिने वही घेऊन यावे. वडिलांनाही सोबत आणावे.